जुन्या मोटारीच्या पेट्रोल टाकीतील अतिरिक्त दाब : कारणे आणि निदान

उन्हाळ्याच्या दिवसांत दुपारभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या मोटारीच्या पेट्रोल टाकीचे झाकण उघडताना 'फुस्स' असा आवाज येणे, हा बहुतेक वाहनधारकांच्या परिचयाचा अनुभव आहे. हा आवाज क्षणभराचा असेल तर त्यात काळजीचे कारण नाही. मात्र तो बराच वेळ चालत राहिला, झाकणासोबत पेट्रोलचे तुषार उडाले किंवा बंद गाडीभोवती पेट्रोलचा वास रेंगाळू लागला, तर टाकीतील वाफेचा बाहेर पडण्याचा मार्ग कोठेतरी अडला आहे, असे समजावे. दोष प्रत्यक्ष टाकीत क्वचितच असतो. तो बहुधा या मार्गात असतो. म्हणूनच निदानाचे काम म्हणजे टाकीपासून इंजिनापर्यंतच्या या मार्गाची क्रमाने तपासणी करणे होय.

पेट्रोल हा एकच पदार्थ नसून अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यातील सर्वांत हलके घटक साध्या उन्हाळी तापमानालाही झपाट्याने वाफ होऊ लागतात. पेट्रोलचा बाष्पदाब ३७.८ अंश सेल्सिअस या ठरावीक तापमानाला मोजण्याची पद्धत आहे आणि उन्हाळी पेट्रोलमध्ये तो साधारणतः ६० किलोपास्कलच्या आसपास असतो. समुद्रसपाटीवर हवेचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे महत्त्व कळते. सकाळी २५ अंशांवर असलेली टाकी पूर्णपणे हवाबंद राहिली आणि दुपारी ४० अंशांपर्यंत तापली, तर आतील दाब बाहेरच्यापेक्षा ढोबळ हिशेबाने २५ ते ३० किलोपास्कलने वाढेल. पन्नास सेंटिमीटर लांब आणि तितक्याच रुंद पत्र्यावर हा दाब सातशे किलोग्रॅम वजनाइतका भार टाकतो. पातळ पत्र्याची टाकी यासाठी बनविलेली नसते. म्हणूनच प्रत्येक मोटारीत टाकीला श्वास घेण्याची सोय केलेली असते.

अगदी जुन्या गाड्यांत ही सोय साधी होती. झाकणातील बारीक छिद्रातून किंवा टाकीच्या माथ्यावरून निघालेल्या नळीतून वाफ थेट हवेत जात असे. ही वाफ शहरांतील धूरयुक्त प्रदूषणात भर घालते, असे आढळल्यानंतर अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९७० च्या आणि संपूर्ण अमेरिकेने १९७१ च्या मॉडेलपासून ती अडविण्याची यंत्रणा सक्तीची केली. भारतात उत्सर्जनाचे नियम टप्प्याटप्प्याने कडक होत गेले, तशी ही यंत्रणा येथील गाड्यांतही आली. टाकीतील वाफ रबरी नळीतून सक्रिय कोळशाने भरलेल्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये, जाते. कोळसा ती शोषून धरतो आणि इंजिन तापल्यानंतर पर्ज व्हॉल्व्ह उघडून ही वाफ इंजिनात खेचली जाते व जळते. कॅनिस्टरला बाहेरची हवा घेण्यासाठी एक स्वतंत्र तोंडही असते. गाडी उलटल्यास पेट्रोल सांडू नये म्हणून टाकीच्या माथ्यावर रोल-ओव्हर व्हॉल्व्ह असतो. वाटेत बहुधा दोन्ही दिशांना उघडणारा एक छोटा व्हॉल्व्ह असतो; तो थोडासा दाब जाणीवपूर्वक राखून ठेवतो. झाकण उघडताना होणारा क्षणिक आवाज हा बहुतेकदा याच व्हॉल्व्हच्या नीट चालण्याची खूण असते.

धोका कोठे आहे

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर उडून न जाता जमिनीलगत पसरते आणि गॅरेजमधील खड्ड्यात साचते. हवेत तिचे प्रमाण सुमारे १.४ टक्के ते ७.६ टक्के यांच्या दरम्यान असले की एक ठिणगी पुरते. दाबाखालील टाकीचे झाकण झटक्यात काढल्यास पेट्रोल कारंज्यासारखे उसळू शकते. १९८७ मध्ये अमेरिकेत फोर्ड कंपनीच्या ई-३५० व्हॅनवर बांधलेल्या पेट्रोल इंजिनाच्या रुग्णवाहिका आगीच्या घटनांनंतर परत बोलावण्यात आल्या होत्या. रुग्णवाहिकेचे इंजिन उभ्या गाडीतही तासन्‌तास चालू असते. त्यामुळे तापलेले इंधन, टाकीत वाढलेला दाब आणि बाहेर उसळणारे पेट्रोल हेच त्या प्रकरणाच्या केंद्रस्थानी होते. त्या काळी अमेरिकेतील पेट्रोलही आजच्यापेक्षा अधिक बाष्पशील होते. तेथे उन्हाळी पेट्रोलच्या बाष्पदाबावर १९८९ पासून मर्यादा आली आणि १९९२ मध्ये ती आणखी कडक झाली.

दाब कमी असतानाही त्रास होतो, पण तो वेगळ्या रूपाने. कार्बोरेटरच्या गाडीत टाकीतील दाब पेट्रोलला पंपातून पुढे ढकलतो आणि कार्बोरेटरमधील सुईच्या व्हॉल्व्हवर भार येतो. तो व्हॉल्व्ह झिजलेला असेल तर उभ्या गाडीत पेट्रोल इंजिनात ओघळते. गरम इंजिन चालू होण्यास त्रास देते, काळा धूर येतो. अशा वेळी कार्बोरेटर दोन-तीनदा खोलून साफ केला जातो आणि टाकीकडे कोणाचेच लक्ष जात नाही.

आधी आवाजाची दिशा ओळखावी

निदानातील सर्वांत महत्त्वाची आणि सर्वाधिक दुर्लक्षित पायरी हीच आहे. झाकण उघडताना येणारा आवाज हवा बाहेर पडण्याचा आहे की आत शिरण्याचा, हे केवळ ऐकून कळत नाही. पेट्रोल संपत जाते तशी टाकीत हवा यावी लागते. ती न आल्यास आत निर्वात निर्माण होतो आणि त्याचाही आवाज हुबेहूब तसाच असतो. मात्र दोन्हींची कारणे निराळी आहेत. निर्वात असल्यास गाडी वेगात असताना इंधनाअभावी गचके खाते, बंद पडते आणि झाकण उघडून लावले की पुन्हा सुरळीत चालते. फार काळ दुर्लक्ष झाल्यास टाकीचा पत्रा आत दबलेलाही आढळतो. झाकणाचा आत उघडणारा व्हॉल्व्ह चिकटणे, हवा घेण्याची छिद्रे नसलेले बाजारातील कुलपाचे झाकण बसविणे किंवा पर्ज व्हॉल्व्ह उघडाच राहणे ही त्याची नेहमीची कारणे आहेत.

दिशा ओळखण्यासाठी झाकण अगदी थोडे सैल करून त्याच्या कडेशी पातळ कागदाची पट्टी धरावी. पट्टी बाहेर फडफडली तर दाब, आत ओढली गेली तर निर्वात. ही चाचणी सकाळी थंड गाडीवर आणि नंतर तासभर चालविलेल्या गाडीवर अशी दोनदा करणे आवश्यक आहे. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी आत हवा ओढते आणि दुपारी बाहेर सोडते, यात काहीही विशेष नाही. बंद गाडीत केवळ उन्हाने दाब वाढत असेल तर वाफेचा मार्ग तपासावा. केवळ गाडी चालविल्यानंतर वाढत असेल तर उष्णतेचा उगम गाडीतच शोधावा लागतो.

हा उगम बहुधा सायलेन्सरच्या बाजूला सापडतो. जुन्या गाडीचा सायलेन्सर बदलताना टाकी आणि नळकांडे यांच्यामधील उष्णतारोधक पत्रा काढून टाकला जातो व पुन्हा बसविला जात नाही; काही वेळा नवे नळकांडे मूळच्यापेक्षा टाकीच्या अधिक जवळून जाते. ज्या गाड्यांत जास्तीचे पेट्रोल इंजिनाकडून टाकीत परत येते, त्यांत ते पेट्रोल इंजिनाची उष्णता सोबत आणते. टाकीत पेट्रोल कमी असेल तर ते लवकर तापते. त्यामुळे पाव टाकीवर जाणवणारा दोष भरल्या टाकीवर नाहीसा झाल्यासारखा वाटतो.

मार्ग अर्ध्यात तोडून पाहणे

मार्गातील अडथळा शोधण्याची उत्तम रीत म्हणजे मार्ग मध्येच सोडवून पाहणे. टाकीत दाब असल्याची खात्री असताना टाकीकडून येणारी वाफेची नळी कॅनिस्टरजवळ सोडवावी. नळीतून वाफ जोराने बाहेर पडली आणि झाकणाशी आवाज उरला नाही, तर अडथळा कॅनिस्टरमध्ये किंवा त्याच्या पुढे आहे. नळीतून काहीच आले नाही आणि झाकण सैल करताच फुस्कार झाला, तर अडथळा टाकी आणि कॅनिस्टर यांच्यामध्ये आहे. एका कृतीने अर्धा मार्ग तपासातून वगळला जातो.

कॅनिस्टरपर्यंतच्या भागात रबरी नळ्यांवर प्रथम संशय घ्यावा. वीस-पंचवीस वर्षांचे रबर आतून फुगते, चिकटते किंवा वळणावर मुडपते; बाहेरून मात्र ते ठीक दिसते. भारतातील पेट्रोलमध्ये जून २०२२ पर्यंत सरासरी १० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले आणि फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपांवर मिळू लागले. नव्या गाड्यांचे सुटे भाग एप्रिल २०२३ पासून त्यास अनुकूल केले गेले. त्याहून बऱ्याच जुन्या गाड्यांच्या नळ्यांबाबत तशी खात्री देता येत नाही. शिवाय थोड्या प्रमाणातील इथेनॉलमुळे मिश्रणाचा बाष्पदाब काहीसा वाढतो. ही वाढ १० टक्क्यांच्या आसपास सर्वाधिक असते, त्यापुढे हळूहळू उतरते. केवळ इंधनाला दोष देऊन थांबणे मात्र योग्य नाही. मार्ग मोकळा असेल तर एवढ्या वाढीने टाकी फुगत नाही.

कॅनिस्टर बिघडण्यास बहुतेकदा मालकाची सवय कारणीभूत असते. पंपावरील नळी आपोआप बंद झाल्यानंतरही 'रक्कम पूर्ण करण्यासाठी' आणखी पेट्रोल भरून घेतले जाते. भूमिगत टाकीतील पेट्रोल थंड असते. तीस लिटर पेट्रोल वीस अंशांनी तापले तर ते अर्ध्या लिटरहून अधिक फुगते. वर मोकळी जागाच नसेल तर द्रवरूप पेट्रोल वाफेच्या नळीत शिरते आणि कोळसा भिजतो. काढलेला कॅनिस्टर जड लागला, हलविल्यावर आत पेट्रोल खळखळले किंवा कोळशाची भुकटी बाहेर आली, तर तो बदलावा. तो ठीक वाटल्यास टाकीकडील तोंडातून हातपंपाने हलकी हवा सोडावी. ती बाहेरच्या हवेच्या तोंडातून सहज निघाली पाहिजे. हे तोंड चिखलाने किंवा कीटकांच्या घरट्याने बुजलेले आढळणे नवलाचे नाही. तोंडाने फुंकू नये. टायरमध्ये हवा भरण्याचा कॉम्प्रेसर तर मुळीच लावू नये. त्याचा दाब दोनशे किलोपास्कल किंवा त्याहून अधिक असतो आणि तो निरोगी भागही फाडतो.

पर्ज व्हॉल्व्ह वाफ ओढेनासा झाला तर लगेच दाब वाढत नाही. आधी वास येतो, कोळसा वाफेने तृप्त होतो आणि पुढे केव्हातरी अडथळा निर्माण होतो. म्हणून नवा कॅनिस्टर बसविण्यापूर्वी हा व्हॉल्व्ह आणि इंजिनाकडील त्याची काजळीने भरलेली वाट तपासली नाही, तर काही महिन्यांत तोच खर्च पुन्हा करावा लागतो. सीएनजी संच नंतर बसविलेल्या गाड्यांत या नळ्या काढून भलत्या ठिकाणी जोडल्या गेल्या नाहीत ना, हेही पाहावे.

पाण्याची नळी

भारतात इंजिनाच्या बिघाडाची नोंद ठेवणारी संगणकीय प्रणाली २०१० नंतर टप्प्याटप्प्याने आली. त्यापूर्वीच्या बहुतेक गाड्यांत टाकीचा दाब मोजणारा संवेदक नसतो. त्याचे काम पारदर्शक प्लास्टिकची नळी करू शकते. इंग्रजी 'यू' अक्षराप्रमाणे वाकविलेल्या नळीत अर्ध्यापर्यंत पाणी भरावे आणि तिचे एक टोक टी-आकाराच्या जोडाने वाफेच्या नळीला, टाकीच्या शक्य तितके जवळ जोडावे. दोन बाजूंच्या पाण्याच्या पातळीतील दहा सेंटिमीटरचा फरक म्हणजे जवळपास एक किलोपास्कल. मार्ग निर्दोष असेल तर गाडी तापू लागल्यावर फरक थोडा वाढून थांबतो. तो सतत वाढत राहिला तर पुढे अडथळा आहे. पाणी हललेच नाही, पण झाकण उघडताच फुस्कार झाला, तर टाकीच्या माथ्यावरील रोल-ओव्हर व्हॉल्व्ह बंद अवस्थेत अडकला आहे.

घाटरस्त्यांवरील अनुभव वेगळा ठेवावा. समुद्रसपाटीवरून महाबळेश्वरला पोहोचेपर्यंत बाहेरच्या हवेचा दाब सुमारे १५ किलोपास्कलने उतरतो. हिमाचलातील रोहतांग खिंडीत, जवळपास चार हजार मीटरवर, तो समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्केच असतो. आतील दाब न वाढताही तो तेथे तुलनेने अधिक भासतो. अशा ठिकाणी मोठा आवाज झाला तर परत मैदानी भागात आल्यावरच निष्कर्ष काढावा.

ही सर्व कामे उघड्या हवेत, थंड इंजिनावर, बॅटरीची ऋण तार सोडवून आणि भुकटीचे अग्निशामक जवळ ठेवून करावीत. इंजिन चालवून घ्यावयाच्या चाचणीत जोडणी आधी पूर्ण करावी. झाकण सावकाश, थांबत थांबत फिरवावे. टाकीला झाळकाम करण्याची वेळ आल्यास ते त्यातील जाणकारावरच सोपवावे. रिकामी टाकी सुरक्षित असते, ही समजूत चुकीची आहे. पेट्रोलने भरलेल्या टाकीपेक्षा वाफेने भरलेली रिकामी टाकी स्फोटास अधिक सोयीची असते.

काही गॅरेजमध्ये या साऱ्या शोधाऐवजी झाकणाला खिळ्याने छिद्र पाडले जाते. आवाज त्याच दिवशी थांबतो. मात्र त्या छिद्रातून वाफ चोवीस तास बाहेर पडत राहते, वळणावर पेट्रोल गाडीच्या अंगावर सांडते, पावसाळ्यात पाणी आत उतरते आणि गाडी उलटल्यास रोल-ओव्हर व्हॉल्व्हचा काहीच उपयोग उरत नाही. जुनी गाडी विकत घेताना झाकण उलटे करून पाहावे. असे छिद्र आढळले तर झाकण बदलून पहिल्या पायरीपासून तपासणी सुरू करावी, कारण मूळ अडथळा अद्याप तेथेच असतो.