बडोद्याच्या नावाची विमाने

सुरत शहरावर इंग्रजांचा अंमल आणि शहराबाहेर थोडे अंतर गेले की गायकवाडी मुलूख, अशी या भागाची पूर्वी स्थिती होती. कामरेज, पलसाणा, महुवा, व्यारा, सोनगड हा सारा प्रदेश बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतात मोडत असे. सोनगडचा किल्ला तर गायकवाड घराण्याची पहिली राजधानी. संस्थानच्या कचेऱ्यांत आणि शाळांत नोकरीस आलेली मराठी कुटुंबे या गावांतून स्थिरावली. अशा घरांत दुसऱ्या महायुद्धाचा विषय निघाला म्हणजे वडील माणसे रॉकेलची टंचाई, धान्याची चणचण यांच्या गोष्टी सांगत. आणि त्यांच्याच जोडीला ‘आपल्या महाराजांच्या विमानां’चीही गोष्ट निघे. बडोद्याला स्वतःचे लढाऊ हवाई दल नव्हते. त्यामुळे ही गोष्ट नातवंडांना दंतकथा वाटल्यास नवल नाही. परंतु तीत तथ्य आहे.

युद्धासाठी विमाने भेट देण्याची प्रथा पहिल्या महायुद्धात रूढ झाली. १९१८ साली हैदराबादच्या निजामाच्या देणगीतून ब्रिटिश हवाई दलाच्या ११० व्या तुकडीस विमाने मिळाली व तिला ‘हैदराबाद’ हे नाव पडले. तेव्हा मराठवाडाही निजामाच्याच राज्यात होता. १९४० मध्ये इंग्लंडवर हवाई हल्ले सुरू झाले, तेव्हा ही प्रथा पुन्हा जोरात आली. एका स्पिटफायर विमानाची किंमत ५,००० पौंड अशी ठरविण्यात आली. प्रत्यक्ष खर्च याहून बराच अधिक असे. परंतु देणगीदारास समजण्याजोगा आकडा हवा होता. मोठ्या देणग्यांवरून संपूर्ण तुकड्यांना नावे मिळाली. १२९ वी तुकडी म्हैसूरची, १३२ वी मुंबईची, १५२ वी हैदराबादची आणि १२४ वी बडोद्याची.

ही बडोद्याची तुकडी १० मे १९४१ रोजी स्कॉटलंडच्या उत्तर टोकाकडील कॅसलटाउन येथे नव्याने उभी राहिली. बडोद्याच्या गादीवर त्या वेळी प्रतापसिंहराव गायकवाड होते. तुकडीने आपल्या चिन्हासाठी मुंगूस निवडले. सापाशी झुंजणारा हा चपळ प्राणी गुजरातेतील शेतकऱ्याच्या रोजच्या पाहण्यातला. तो स्कॉटलंडच्या थंड किनाऱ्यावर लढाऊ विमानांचे चिन्ह होऊन बसला.

या विमानांचे सामर्थ्य त्यांच्या इंजिनात होते. दक्षिण गुजरातेला विमानाच्या घरघरीची ओळख त्यापूर्वीच झाली होती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस टपाल घेऊन आले, त्या लहानशा पस मॉथ विमानाचे इंजिन चार सिलिंडरांचे, जेमतेम सव्वाशे अश्वशक्तीचे होते. स्पिटफायरमधील रोल्स-रॉइस मर्लिन इंजिनास बारा सिलिंडर असून त्याची शक्ती आरंभीच हजार अश्वशक्तीच्या वर होती. केवळ आठ वर्षांत केवढे हे अंतर!

परंतु शक्ती वाढविल्याने सर्व प्रश्न सुटत नव्हता. वीस हजार फुटांवर हवेचा दाब जमिनीवरील दाबाच्या निम्म्याहूनही कमी असतो. माणसाला तेथे धाप लागते, तशी इंजिनाचीही कोंडी होते. कारण इंधन जाळावयास पुरेशी हवाच मिळत नाही. त्यावर उपाय म्हणजे सुपरचार्जर. हा वेगाने फिरणारा पंखा विरळ हवा दाबून सिलिंडरात भरतो. पुढे मर्लिनमध्ये असे दोन पंखे एकापुढे एक बसविण्यात आले. दाबलेली हवा तापते, म्हणून ती सिलिंडरात जाण्यापूर्वी थंड करण्याचीही सोय केली गेली.

बडोद्याच्या तुकडीच्या वाट्यास नेमके हेच अतिउंचीचे काम आले. जुलै १९४२ पासून तिला सहाव्या प्रकारची स्पिटफायर विमाने मिळू लागली. वैमानिकाच्या कक्षात दाबाची हवा कोंडून ठेवण्यासाठी त्यावरील झाकण बाहेरून पक्के बसवीत. ते आतून मागे सरकविता येत नसे. संकटकाळी ते समूळ उडवून द्यावे लागे. वैमानिकांना ही व्यवस्था मुळीच रुचली नाही. १९४३ मध्ये दुहेरी पंख्यांच्या मर्लिनचे सातव्या प्रकारचे विमान आले, तेव्हा झाकण सरकविण्याची सोय झाली. १९४५ च्या आरंभी हॉलंडमधील जर्मन व्ही-२ अग्निबाणांच्या तळांवर या तुकडीने हल्ले केले. १ एप्रिल १९४६ रोजी तिचा क्रमांक बदलला आणि बडोद्याचे नाव हवाई दलाच्या यादीतून पुसले गेले.

या कथेला दुसरीही बाजू आहे. सुरत जिल्हा बारडोलीचा. १९२८ च्या सारावाढीविरुद्धच्या लढ्याचा. १९३८ चे हरिपुरा काँग्रेसचे अधिवेशन याच जिल्ह्यात भरले. बडोद्याची तुकडी नवी विमाने हाताळीत होती, त्याच ऑगस्ट १९४२ मध्ये देशभर ‘छोडो भारत’चा उठाव झाला व हजारो माणसे तुरुंगात गेली. देणगी राजाच्या नावाची असली, तरी राजवैभवाचे मूळ रयतेच्या साऱ्यात होते. आणि या देणगीस तिची संमती कोणी विचारली नव्हती. हिटलरचा पाडाव व्हावा असे वाटणे आणि इंग्रजांनी येथून जावे असे वाटणे, या दोन्ही भावना एकाच माणसाच्या मनात असणे अशक्य नव्हते. म्हणूनच ‘आपल्या महाराजांची विमाने’ हे शब्द एकाने अभिमानाने उच्चारावेत, तर दुसऱ्याने कडवटपणे.

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. आज कामरेज, पलसाणा आणि महुवा सुरत जिल्ह्यात आहेत. व्यारा व सोनगड २००७ पासून तापी जिल्ह्यात गेले. तुकडीचा क्रमांक, विमानांचे प्रकार आणि इंजिनांची शक्ती यांची नोंद कागदोपत्री सुरक्षित आहे. ते शब्द घरात कोणत्या सुरात उच्चारले जात, हे मात्र कोणत्याही दप्तरात सापडावयाचे नाही. ज्या घरांत ते ऐकलेली माणसे अद्याप आहेत, त्यांनी ते विचारून लिहून ठेवावयास हवे. आणि अभिमानाचा सूर लिहिताना कडवटपणाचा गाळू नये.