मोखाहून मराठवाड्याकडे : कहव्याचा रस्ता आणि घरातली फ्रेंच प्रेस

परभणी हा चहाचा जिल्हा आहे. बसस्थानकावर, मोंढ्यात, दर्ग्याच्या उरुसात, शाळेच्या मधल्या सुट्टीत चहाच चालतो. कॉफी लागते ती कधीतरी, रात्री जागरण असेल तेव्हा. दुधात उकळलेली, वर जायफळ किसून घातलेली. त्यामुळे आमच्या शिक्षकांच्या खोलीत मी फ्रेंच प्रेस घेण्याचा विचार बोलून दाखवला, तेव्हा एक सहकारी म्हणाले, "सर, हे इंग्रजी चोचले आपल्याकडे कशाला?" बोलण्यात खोच नव्हती, थट्टाच होती. पण इतिहास शिकवणाऱ्याला अशी थट्टा स्वस्थ बसू देत नाही. कॉफी खरोखर कोणाची? आणि 'आपल्याकडे' म्हणजे नेमके कोणाकडे?

आधी शब्द पाहू. अरबीत कहवा. तुर्कांनी त्याचे कहवे केले, डचांनी कोफी, इंग्रजांनी कॉफी, आणि इंग्रजांकडून तो शब्द आपल्या मराठीत आला. उर्दूने मात्र मूळ कहवा जपून ठेवला. म्हणजे एकाच पेयाची दोन नावे आपल्या घरात दोन दारांनी आली. एक समुद्रावरून थेट, दुसरे युरोपला वळसा घालून. वळसा घालून आलेले नाव रुळले, म्हणून वस्तूही तिकडचीच असावी असा समज झाला.

झाड मूळचे हबश देशाचे, म्हणजे आजच्या इथिओपियाचे. त्याच्या बिया भाजून, उकळून पिण्याची चाल पंधराव्या शतकात येमेनमधल्या सूफींमध्ये रुजलेली दिसते. रात्रीच्या जिक्रला झोप येऊ नये, एवढाच साधा हेतू. खानकाहमधून ते बाजारात आले आणि बाजारात आल्याबरोबर वाद सुरू झाला. 1511 साली मक्केत खैर बेग नावाच्या अधिकाऱ्याने उलेमा आणि हकीम बोलावून कहव्यावर बंदी घातली. त्याची खरी अडचण पेयाची नव्हती. लोक रात्री एकत्र बसतात, बोलतात, ही होती. काहिऱ्याहून सुलतानाचा हुकूम आला तो मात्र मवाळ होता, त्यात पिण्यावर सरसकट बंदी नव्हती. पुढे 1550 च्या दशकात इस्तंबूलमध्ये कहवाखाने उघडले. तिथेही अधूनमधून बंदी आली आणि गेली. अब्दुल कादिर अल-जझीरी या लेखकाने तर सोळाव्या शतकात कहवा हलाल आहे हे सांगण्यासाठी अख्खा ग्रंथ लिहिला. आज आपण ज्या गोष्टीला बिनधास्त घोट घेतो, तिच्यासाठी कोणीतरी बसून पानेच्या पाने युक्तिवाद केला होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता मराठवाड्याकडे येऊ. कहव्याची बरीच निर्यात येमेनच्या मोखा बंदरातून होई. याच मोख्यात सोळाव्या शतकात हबश देशातला एक मुलगा गुलाम म्हणून विकला गेला. बगदादमार्गे तो दख्खनला आला, अहमदनगरच्या निजामशाहीत चंगेजखानाच्या पदरी राहिला आणि पुढे त्या राज्याचा कर्ताधर्ता झाला. तो मलिक अंबर. 1610 च्या सुमारास त्याने खडकी वसवली, तेच पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. कॉफीचे झाड आणि मलिक अंबर, दोघांचा रस्ता एकच : हबश, मोखा, हिंदुस्थान.

योगायोग इथेच संपत नाही. पीटर व्हान डेन ब्रुक नावाचा डच व्यापारी 1614 आणि 1616 मध्ये येमेनच्या किनाऱ्यावर होता. कॉफी पाहून तिची नोंद करणाऱ्या पहिल्या डचांपैकी तो एक. 1617 मध्ये त्याचे जहाज गुजरातच्या किनाऱ्याजवळ फुटले, आणि तो आपली माणसे घेऊन जमिनीवरून मछलीपट्टणला निघाला. वाटेत त्याला मलिक अंबर भेटला. अंबर मोख्यात विकला गेला होता, ही नोंद आपल्याला याच डच माणसाच्या लिखाणातून मिळते. एकाच वहीत कॉफीही आहे आणि आपला मलिक अंबरही.

त्याच सुमारास मोगल दरबारात आलेल्या इंग्रज राजदूताचा पाद्री एडवर्ड टेरी लिहून गेला, की इथले धर्म काटेकोर पाळणारे लोक दारूला शिवत नाहीत, पण कॉफी नावाचे पेय घेतात आणि ते पचनाला व मनाला चांगले मानतात. सुरतेची जहाजे मोख्याला कापड नेत आणि येताना कॉफी आणत. इंग्रजांनी इथे कॉफीचे मळे लावण्याच्या दोनशे वर्षे आधीची ही गोष्ट आहे. तेव्हा 'इंग्रजी चोचले' हा आरोप तारखेतच टिकत नाही.

झाड कसे आले? कर्नाटकातल्या चिकमगळूरच्या डोंगरात बाबा बुडन यांची दंतकथा घरोघरी माहीत आहे. हजहून परतताना या सूफींनी मोख्याहून सात बिया लपवून आणल्या आणि डोंगरावर लावल्या, असे सांगतात. समकालीन दस्तऐवज नाही, म्हणून वर्गात मी ती दंतकथा म्हणूनच सांगतो. पण भारतातली जुनी कॉफी याच डोंगरावरची, आणि डोंगराचे नाव आजही बाबाबुडनगिरी. तिथल्या गुहेला मुसलमान बाबा बुडनांची जागा मानतात, हिंदू दत्तात्रेयाचे पीठ मानतात. शतकानुशतके दोघेही एकाच उंबऱ्यावर डोके टेकवत आले. गेली काही दशके त्या उंबऱ्यावरून न्यायालयात आणि रस्त्यावर वाद चालू आहे. कॉफी मात्र दोन्ही बाजूंच्या घरात तीच उकळते.

आणि शेवटचा दुवा आपल्या गल्लीतला आहे. परभणीत, नांदेडात, संभाजीनगरात चाऊस आडनाव नसलेली शाळेची हजेरी क्वचितच सापडेल. चाऊस हा मूळ तुर्की लष्करी हुद्दा. हैदराबादच्या निजामाच्या फौजेत येमेनच्या हद्रमौत भागातले अरब मोठ्या संख्येने आले, त्यांच्या वंशजांना हे नाव चिकटले. मराठवाड्यातल्या किल्ल्यांवर, गढ्यांवर त्यांची शिबंदी असे. 1819 च्या जानेवारीत नव्हा येथे हटकर नाईक नोवसाजी यांच्या बंडाचा वेढा पडला, तेव्हा किल्ला लढवणारी शिबंदी मुख्यतः अरबांची होती. हटकर नाईक आणि हद्रमी अरब, एका तटामागे! 1948 मध्ये निजामाचे राज्य संपले, फौज मोडली, अरबांच्या नोकऱ्या गेल्या, काहींना परत पाठवले गेले. जे राहिले ते इथलेच झाले. दखनी बोलतात, मराठी बोलतात, कापूस-सोयाबीनच्या भावावर भांडतात. हैदराबादच्या बारकस भागात, जिथे त्यांच्या बराकी होत्या, तिथे सुंठ-मसाल्याचा कहवा आजही मिळतो.

एकदा इतिहासाच्या तासाला एका मुलाने विचारले होते, "सर, आम्ही बाहेरचे आहोत का?" प्रश्न त्याला दुसऱ्या कोणीतरी आधी विचारलेला होता, हे चेहऱ्यावरून कळत होते. मी त्याला कॉफीचे झाड सांगितले. येमेनहून आलेल्या बियांना आज कोणी बाहेरचे म्हणत नाही. तिला 'साउथ इंडियन फिल्टर कॉफी' म्हणून जगभर मिरवतात. बी ज्या मातीत रुजते त्या मातीची होते. माणसाला याहून वेगळा नियम का लावायचा?

आता भांड्याकडे वळू, कारण कॉफीच्या इतिहासात भांड्यापुढे दोनच प्रश्न आहेत : गाळ वेगळा कसा करायचा आणि कॉफी गरम कशी ठेवायची. अरबांची दल्ला म्हणजे लांब चोचीची पितळी सुरई. चोचीत खजुराच्या झाडाचा काथ्या खोचला की गाळणी झाली, आणि सुरई निखाऱ्याशेजारी ठेवली की कहवा गरम राहिला. दक्षिणेत पितळेचा दोन मजली फिल्टर आला. फ्रान्समध्ये 1852 साली मेयर आणि डेलफोर्ज यांनी दांड्याला गाळणी लावून ती खाली दाबायच्या भांड्याचे पेटंट घेतले. पण आजच्या प्रेससारखी, कडेला घट्ट बसणारी गाळणी 1929 च्या सुमारास मिलानच्या कालिमानी आणि मोनेता यांच्या पेटंटात दिसते. म्हणजे 'फ्रेंच' प्रेसची घडण निम्मी इटालियन. नावावर जाऊ नये, हा धडा इथेही आहेच.

गरम ठेवण्याचा प्रश्न स्कॉटलंडच्या जेम्स ड्यूअरने 1892 मध्ये सोडवला, तोही चुकून नव्हे, वेगळ्याच कामासाठी. त्याला अतिथंड द्रवरूप वायू थंड ठेवायचे होते. दोन भिंतींमधली हवा काढून घेतली की उष्णता आत-बाहेर जायला फारशी वाट उरत नाही. 1904 पासून जर्मनीत तेच तत्त्व थर्मास नावाने बाजारात आले. आपल्याकडे तळेगावच्या ईगल फ्लास्कने ते दवाखान्यात, प्रवासात आणि बाळंतिणीच्या खोलीत पोहोचवले. आखातात नोकरीला गेलेली आपली माणसे दल्लाच्या आकाराचा थर्मास घेऊन येतात, तो म्हणजे निखारा आणि ड्यूअर यांचा मिलाफच.

स्टीलची, दुहेरी भिंतीची फ्रेंच प्रेस ही याच वंशावळीतली. घ्यायची असेल तर काय पाहावे, हे चार महिने चौकशी करून जे समजले ते सांगतो.

पहिले, 'दुहेरी भिंत' आणि 'निर्वात दुहेरी भिंत' यांत फरक आहे. नुसत्या दुहेरी भिंतीत हवा असते, उष्णता हळूहळू जाते. दुकानात शक्य असेल तर उकळते पाणी भरून पाच मिनिटांनी बाहेरून हात लावा. चांगली प्रेस बाहेरून जवळजवळ थंडच लागते. काचेची प्रेस दिसायला सुरेख आणि स्वस्त, पण डिसेंबर-जानेवारीत परभणीचा पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा काचेतली कॉफी दुसऱ्या कपापर्यंत कोमट होते. शिवाय काच फुटते.

दुसरे, आकार. खोक्यावर 'आठ कप' लिहिलेले असते, ते कप सुमारे 120 मिलिलिटरचे. आठ कप म्हणजे साधारण 1 लिटर. दोन माणसांना 500 ते 600 मिलिलिटरची पुरे. अर्धी भरलेली मोठी प्रेस लवकर निवते.

तिसरे, गाळणी. जाळी सुटी होऊन धुता यावी आणि वेगळी विकत मिळावी. सगळे भांडे चांगले आणि जाळी गेली, तर उरतो तो पाण्याचा जग.

चौथे, पूड. आपल्या बाजारात मिळणारी फिल्टर कॉफीची पूड बारीक असते आणि तिच्यात बरेचदा चिकोरी मिसळलेली असते. प्रमाण पाकिटावर छापलेले असते, वाचून घ्या. प्रेसला जाडसर, रव्यासारखी पूड लागते. बारीक घातली तर दांडा जड जातो आणि कपात चिखल येतो. 500 मिलिलिटर पाण्याला 30 ग्रॅम पूड, पाणी उकळून अर्धा मिनिट थांबलेले, आणि 4 मिनिटे. मग हळू दाबा.

पाचवे, जे विक्रेते सांगत नाहीत. निर्वात प्रेस कॉफी तासभर गरम ठेवते हे खरे, पण गाळ तळाशी असतोच. दाबल्यानंतरही अर्क उतरत राहतो आणि कॉफी कडवट होते. म्हणून लगेच संपणार नसेल तर दुसऱ्या थर्मासमध्ये ओतून ठेवा. घरात चांगला थर्मास असेलच, तर साधी काचेची प्रेस आणि तो थर्मास ही जोडीही चालते, पैसे वाचतात. आणि ज्यांचे कोलेस्टेरॉल वाढलेले आहे त्यांनी जपावे. कागदी गाळणीत अडकणारे कॉफीतले तेलकट घटक धातूच्या जाळीतून कपात येतात, आणि रोज चार-पाच कप घेतले तर वाईट कोलेस्टेरॉल वाढते, हे अभ्यासांत दिसले आहे.

आम्ही शेवटी 600 मिलिलिटरची स्टीलची प्रेस घेतली. थट्टा करणारे सहकारी आता परीक्षेच्या पेपर तपासणीच्या दिवसांत स्वतःहून आठवण करतात, फक्त वर जायफळ किसायचा आग्रह सोडत नाहीत. मी हरकत घेत नाही. हबशचे झाड, येमेनची रीत, चिकमगळूरची बी, इटालियन गाळणी, स्कॉटिश निर्वात भिंत आणि त्यावर मराठी घरातले जायफळ : यातले एक जरी 'बाहेरचे' म्हणून काढून टाकले, तर कपात उरते ते फक्त गरम पाणी.