ट्यूबलाइट प्लगवर जोडताना तिसऱ्या तारेचे महत्त्व

हुगळी नदीच्या डाव्या तीरावर, कोलकात्याच्या नैर्ऋत्येस वसलेले बजबज हे तागाच्या गिरण्या, तेलाचे साठे आणि औष्णिक वीज केंद्र यांसाठी ओळखले जाते. सीईएससी कंपनीच्या येथील केंद्राचा पहिला संच १९९७ मध्ये सुरू झाला. प्रत्येकी २५० मेगावॅटचे तीन संच मिळून केंद्राची क्षमता ७५० मेगावॅट आहे. दुर्गापूजेच्या दिवसांत या परिसरातील मंडपांत आणि घरांच्या अंगणांत बांबूला ट्यूबलाइटच्या पट्ट्या बांधल्या जातात. महाराष्ट्रातील गणेशोत्सवातही हेच चित्र असते. भिंतीवर कायम बसवण्यासाठी बनवलेली पट्टी अशा वेळी वायर आणि प्लग लावून तात्पुरती वापरली जाते. बहुधा या जोडणीत एक तार गाळलेली असते.

२३ सप्टेंबर २०२५ रोजी, पूजेच्या तोंडावर, कोलकात्यात अतिवृष्टी झाली. त्यात प्राण गमावलेल्यांपैकी बहुतेकांचा मृत्यू विजेच्या धक्क्याने झाला. या घटना मुख्यतः पाणी साचलेल्या रस्त्यांवरच्या होत्या. तथापि ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला गळती होणारी वीज किती घातक ठरते, हे त्यांतून दिसले.

पारंपरिक पट्टीत चोक, स्टार्टर आणि दोन होल्डर असतात. फेजची तार प्रथम चोकला व चोकमधून नळीच्या एका टोकाच्या पहिल्या पिनेला जाते. त्याच टोकाची दुसरी पीन स्टार्टरमार्गे समोरच्या टोकाच्या एका पिनेला जोडलेली असते. तेथील उरलेली पीन न्यूट्रलला जोडली जाते. बटण दाबताच स्टार्टरमधील पट्ट्या तापून एकमेकींना चिकटतात आणि नळीच्या दोन्ही टोकांच्या तारा तापू लागतात. क्षणभराने पट्ट्या सुटतात, प्रवाह खंडित होतो आणि चोकमध्ये शेकडो व्होल्टचा झटका निर्माण होऊन नळी पेटते. नळी पेटल्यावर तिच्या टोकांमध्ये साधारण १०० व्होल्टच उरतात. त्यामुळे स्टार्टर पुन्हा कार्य करीत नाही, व तो काढून घेतला तरी दिवा चालू राहतो. चोकचे काम मात्र संपत नाही. तो प्रवाहाला लगाम घालतो. ४० वॅटच्या नळीत हा प्रवाह अर्ध्या अँपिअरहूनही कमी असतो.

म्हणजे दिवा लागण्यास दोनच तारा पुरतात, आणि नेमका येथेच घोटाळा होतो. अर्थिंगची तार गाळली तरी प्रकाशात काही फरक पडत नाही, म्हणून ती अनावश्यक समजली जाते. पट्टी पत्र्याची असते. चोकच्या वेटोळ्यावरील आवरण उष्णतेने जळाले किंवा वायर पत्र्याच्या धारेवर घासली, तर सगळी पट्टी जिवंत होते. अर्थिंग असल्यास मोठा प्रवाह जमिनीकडे वाहून फ्यूज उडतो. नसल्यास पट्टीला हात लावणाऱ्याचे शरीरच तो मार्ग बनते.

त्यामुळे तीन पदरी लवचीक वायर आणि तीन पिनांचा सहा अँपिअरचा प्लग वापरावा. बाजारात यालाच जुन्या सवयीने पाच अँपिअरचा प्लग म्हणतात. नव्या वायरींमध्ये तपकिरी फेज, निळी न्यूट्रल आणि हिरवी-पिवळी अर्थिंग असते. जुन्यांत अनुक्रमे लाल, काळी व हिरवी. अर्थिंगची तार प्लगच्या जाड व लांब पिनेला जोडावी. दुसरे टोक पट्टीच्या पत्र्याला, रंग खरवडून, स्क्रूने घट्ट आवळावे. प्लगमध्ये ही तार इतर दोन तारांपेक्षा किंचित लांब ठेवावी, म्हणजे वायरला हिसका बसल्यास ती सर्वांत शेवटी सुटेल. वायर पत्र्यातून आत जाते त्या छिद्रात रबरी बूच आणि प्लगमध्ये वायर धरणारी पकड, या दोन्हींबाबत कंजुषी करू नये. उघड्या तारा काडेपेटीच्या काड्यांनी सॉकेटमध्ये खोचण्याची पद्धत तर सर्वस्वी त्याज्य आहे.

फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झाली तरीही दिवा लागतो. मात्र मग बटण न्यूट्रल तोडते, फेज पट्टीत तशीच राहते, आणि बंद नळी अंधारात मंद चमकताना दिसू शकते. अशी चमक दिसल्यास प्लग काढून जोडणी तपासावी. सॉकेटमधील अर्थिंग खरोखर जमिनीपर्यंत पोहोचले आहे काय, हे साध्या टेस्टरने कळत नाही. ते वायरमनकडूनच पाहून घ्यावे. ३० मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारे उपकरण घरात असल्यास संरक्षण वाढते, पण ते अर्थिंगला पर्याय नव्हे.

इलेक्ट्रॉनिक चोकमध्ये स्टार्टर नसतो. त्याच्या आवरणावरील आकृतीप्रमाणेच जोडणी करावी. जुन्या पट्टीत एलईडी नळी बसवतानाही तसेच. काही एलईडी नळ्यांना चोक वगळावा लागतो. पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारात भारत २०१८ मध्ये सहभागी झाला असून, करारातील देशांनी सरळ फ्लुरोसेंट नळ्यांचे उत्पादन व आयात-निर्यात २०२७ अखेरपर्यंत टप्प्याटप्प्याने थांबविण्याचा निर्णय नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतला. तोपर्यंत घरोघरी असलेली नळी फुटल्यास खिडक्या उघडून काही वेळ खोलीबाहेर थांबावे. तुकडे झाडूने न झाडता जाड कागदाने उचलून बंद डब्यात ठेवावेत.