घरच्या टाकीत गोल्डफिशची पैदास

गोल्डफिश हा थंड पाण्यातला मासा. चीनमध्ये तो हजार वर्षांहून अधिक काळ पाळला जात आहे. काही आठवडे गार पाण्यात काढलेले मासे ऊब वाढताच विणीला येतात. इंदूर, ग्वाल्हेरकडच्या घरांत हिवाळ्यात हे आपोआप घडते. संक्रांतीनंतर पाणी १८ ते २२ अंशांवर आले की हंगाम सुरू झाला असे समजावे.

नर-मादी ओळखणे
साधारण वर्षाच्या नराच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या कडेला हंगामात बारीक पांढरे दाणे येतात. हा रोग समजून औषध घालू नये. रोगाचे ठिपके अंगभर व शेपटीवरही विखुरलेले असतात. भरलेली मादी वरून पाहिल्यास पोटाशी फुगीर दिसते.

वीण
वेगळ्या मोठ्या टाकीत क्लोरीन काढलेले पाणी, स्पंज फिल्टर आणि हायड्रिलाचे झुबके ठेवावेत. एक मादी व दोन नर सोडावेत. बहुधा पहाटे नर मादीचा पाठलाग करतात आणि शेकडो चिकट अंडी वनस्पतींवर बसतात. वीण उरकताच मोठे मासे काढावेत, नाहीतर तेच अंडी खातात.

पिल्ले
२० अंशांच्या आसपास पिल्ले चार-पाच दिवसांत बाहेर येतात. पहिले दोन दिवस ती काचेला चिकटून राहतात. तेव्हा काही खायला घालू नये. पोहू लागली की उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून थेंबाथेंबाने द्यावा, पुढे नुकतीच फुटलेली आर्टेमिया. बलक जास्त झाला की पाणी नासते. आमच्या पहिल्या खेपा अशाच एका रात्रीत गेल्या. रोज थोडे पाणी तेवढ्याच तापमानाच्या पाण्याने बदलावे. पिल्ले आधी काळपट असतात. रंग काही महिन्यांनी उमलतो.

जास्तीची पिल्ले
पैदास सोपी, सांभाळणे अवघड. म्हणून किती पिल्ले वाढवता येतील हे आधी ठरवून तेवढीच अंडी ठेवावीत. उरलेले मासे तलावात किंवा नदीत मुळीच सोडू नयेत. ते तळ ढवळून पाणी गढूळ करतात, इतर माशांची अंडी खातात आणि टाकीतले रोगही सोबत नेतात. ओळखीच्यांना द्यायचे असतील तर आधी त्यांच्याकडे टाकी आहे ना, हे विचारावे. काचेच्या लहान भांड्यात गोल्डफिश फार दिवस जगत नाही.