घर विकायचे, पण विकायचे नाही: बय-उल-वफाची गोष्ट

गेल्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. तो आता बांधकामाच्या धंद्यात आहे. एक जुनी इमारत घेऊन तिथे नवी उभी करायची आहे, पण जागा विकत घ्यायला बँक बिल्डरला सहसा कर्ज देत नाही. म्हणून तो ओळखीपाळखीतून खासगी पैसा उभा करत होता. आखातातून परतलेले, नुकतेच निवृत्त झालेले, मुलीच्या लग्नासाठी पैसे ठेवलेले, असे लोक त्याच्या यादीत होते. योजना सोपी होती. तुम्ही वीस लाख द्या, एका फ्लॅटचा करारनामा तुमच्या नावे होईल आणि दोन वर्षांनी तोच फ्लॅट तो तुमच्याकडून अठ्ठावीस लाखांना परत घेईल.

"सर, यात व्याज नाही. खरेदी-विक्री आहे. जमातीतल्या चार लोकांशी तुम्ही बोललात तर बरं होईल."

चहा होईपर्यंत मी काही बोललो नाही. मग म्हणालो, बाबा, तुझी योजना नवी नाही. तिचा सौम्य अवतार हजार वर्षांपूर्वी बुखारा-समरकंदमध्ये चालत होता, आणि तेव्हाही त्यावर भांडणे झाली होती.

त्या व्यवहाराचे नाव बय-उल-वफा. वफा म्हणजे दिलेला शब्द पाळणे. हिजरी पाचव्या शतकाच्या सुमारास मावराउन्नहरमध्ये, म्हणजे अमूदर्या पलीकडच्या मुलुखात, तो रुळला. गरजू माणसाकडे घर किंवा बाग आहे, रोकड नाही. पैसेवाल्याकडे रोकड आहे, पण नुसता कर्जे-हसना, म्हणजे बिनव्याजी उसना पैसा, द्यायला तो तयार नाही आणि व्याज तर हराम. मग गरजू माणूस घर विकायचा आणि सोबत अट घालायचा की मी हीच रक्कम परत केली की तू घर परत करायचेस. मधल्या काळात खरेदीदार त्या घरात राहणार, किंवा बागेची फळे खाणार. रक्कम वाढत नाही, कागदावर व्याजाचा शब्द नाही. पण वापर फुकट मिळतो, आणि तोच पैशाचा मोबदला.

हनफी फुकहांमध्ये, म्हणजे कायदेपंडितांमध्ये, यावर सरळ फूट पडली. काहींनी म्हटले, ही विक्री नाहीच, हे रहन आहे, गहाण आहे. ज्याच्याकडे वस्तू गहाण आहे त्याने तिचा फायदा उपटला तर तो रिबाच. दुसऱ्या गटाने म्हटले, लोकांची गरज मोठी आहे, रिवाज पडला आहे, तेव्हा ही विक्रीच माना. समरकंदचे नज्मुद्दीन नसफी (मृत्यू ११४२) यांचे नाव या सवलत देणाऱ्यांत घेतले जाते. पुढे इब्न नुजैम यांनी, १६व्या शतकात कैरोत बसून, कारण स्पष्टच लिहिले: बुखाऱ्याच्या लोकांवर कर्जे फार झाली, तेव्हा हा फतवा निघाला. त्यांच्या मिस्रमध्ये याच व्यवहाराला बय-उल-अमाना म्हणत, हद्रमौतमध्ये बय-उल-उहदा. नावे किती सुंदर पाहा: वफा, अमानत, अहद. ज्याच्या मानेवर कर्ज आहे त्याला मात्र ही नावे खाता येत नाहीत.

उस्मानी तुर्कांनी तर आणखी एक पायरी चढली. तिथे रोख रकमेचे वक्फ होते. लोक जमीन किंवा दुकान वक्फ करण्याऐवजी चांदीची नाणी वक्फ करत, आणि ती कर्जाऊ देऊन जे येईल त्यातून मशिदी-मदरसे चालत. हे येणे यायचे कसे? कर्जदार आपले घर वक्फला 'विकायचा' आणि लगेच तेच घर वक्फकडून भाड्याने घ्यायचा. घरातली चूलही हलायची नाही. दर महिन्याचे भाडे म्हणजे काय, हे दोघांनाही ठाऊक असे. याला बय-बिल-इस्तिग्लाल म्हणत. शेख-उल-इस्लाम अबुस्सऊद यांनी रोख वक्फाची बाजू घेतली. ते बंद केले तर हजारो धर्मादाय कामे बसतील, ही त्यांची चिंता होती. बिरगिवी (मृत्यू १५७३) यांनी कडाडून विरोध केला. मला दोघांचाही आदर वाटतो, पण मन बिरगिवींकडे झुकते.

१८६९ पासून उस्मानी सरकारने 'मजल्ला' ही दिवाणी संहिता टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध केली. तिच्या तिसऱ्याच कलमात तत्त्व आहे की करारात शब्द नव्हे, हेतू आणि अर्थ पाहायचा. आणि त्याखाली दिलेले उदाहरण नेमके हेच आहे: बय-बिल-वफा हे गहाण समजावे. मात्र ११८व्या कलमात तिचेच मिश्र रूपही मान्य केले आहे: फायदा घेण्यापुरती विक्री, पण खरेदीदाराला ते घर तिसऱ्याला विकता येणार नाही. गरज आणि तत्त्व यांची ओढाताण त्या एका पुस्तकातही मिटली नाही.

हिंदुस्थानात हनफी फिक्हसोबत हा व्यवहारही आला. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधल्या १७९८च्या पहिल्या रेग्युलेशनमध्ये 'बैबिलवफा' हा शब्द चक्क कायद्यात येतो, कारण मुदत चुकली म्हणून सावकार जमिनी गिळत होते. १८०६च्या सतराव्या रेग्युलेशनने कर्जदाराला कोर्टाच्या नोटिशीनंतर एक वर्षाची सवड दिली.

आपल्याकडे त्याचेच मराठी भावंड म्हणजे मुदतखरेदी. दख्खनच्या सावकाराने बुखाऱ्याचे नावही ऐकले नसेल; पण पैसा अडला की माणसाला सगळीकडे एकच वाट सुचते. खत साध्या विक्रीचे, आणि 'पैसे दिलेस की जमीन परत' हा शब्द तोंडी. मे १८७५ मध्ये सुपे गावापासून दंगे उसळले, पुणे-नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांची खते जाळली. त्यातून १८७९चा दख्खन शेतकरी कायदा आला. पुढे त्यात १०-अ हे कलम घातले गेले: कागदावर विक्री लिहिली असली तरी खरा व्यवहार कोणता होता, हे कोर्टाने तोंडी पुराव्यानेही तपासावे. मजल्लाच्या तिसऱ्या कलमाशी त्याचे नाते लावून पाहा. इस्तंबूलचे फुकहा आणि मुंबई इलाख्याचे अंमलदार वेगवेगळ्या वाटेने एकाच दाराशी आले.

मग १९२९ साली मालमत्ता हस्तांतरण कायद्यात दुरुस्ती झाली आणि काटा उलटा फिरला. परत देण्याची अट त्याच दस्तात लिहिलेली नसेल, तर तो व्यवहार गहाण मानायचा नाही. हुशार धनकोंनी लगेच दोन कागद करायला सुरुवात केली: एक पक्के खरेदीखत, दुसरा फेरविक्रीचा करार. यातला फरक साधा दिसतो, पण जीवघेणा आहे. गहाण असेल तर सोडवण्याचा हक्क वर्षानुवर्षे टिकतो. फेरविक्रीचा करार असेल तर मुदत टळली की घर गेले. आजही नोंदणी कार्यालयाबाहेर हे दोन कागद शेजारी शेजारी टाइप होतात. बेकायदा सावकारीत गेलेली मालमत्ता परत मिळवून देण्याची तरतूद महाराष्ट्राच्या २०१४च्या सावकारी कायद्यात आहे, पण त्यासाठी आधी हे सिद्ध करावे लागते की ती विक्री विक्री नव्हतीच.

आणि आपल्या मोहल्ल्यातले 'हेवी डिपॉझिट'? दहा लाख द्या, भाडे शून्य, घर सोडताना दहा लाख परत. घरमालकाला बिनबँकेचा पैसा मिळतो, भाडेकरूला फुकट छप्पर. बुखाऱ्याचा माणूस आज मुंब्र्याला उतरला तर त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. जिद्दाच्या इस्लामी फिक्ह अकादमीने १९९२ मध्ये बय-उल-वफा नाजायज ठरवली. कारण तेच, की हे फायदा ओढणारे कर्ज आहे. आपल्याकडे मात्र हेवी डिपॉझिटवर राहणारे दीनदार लोक बँकेच्या गृहकर्जाला नाके मुरडतात.

माझ्या विद्यार्थ्याची योजना बुखाऱ्याहूनही कडक होती. तिथे निदान रक्कम तरी तेवढीच राहायची आणि खरेदीदार खरोखर घरात राहायचा. इथे वीसचे अठ्ठावीस, आणि फ्लॅट अजून हवेत. मी त्याला सांगितले की पैसा गोळा करण्याची जुनी दुसरी वाटही आहे, मुदारबत. एकाचा पैसा, दुसऱ्याची मेहनत, नफा ठरलेल्या हिश्श्याने. आणि कारभाऱ्याची कसूर नसताना नुकसान झाले तर पैसा पैसेवाल्याचा बुडतो, मेहनत करणाऱ्याची मेहनत बुडते. मक्क्याचे काफिले त्यावर चालत. हजरत खदीजांनी आपला माल पैगंबरांच्या (स.) हाती दिला तो व्यवहार याच जातीचा होता.

"पण सर, मग लोकांना मला हिशेब दाखवावे लागतील."

"लागतील."

तो थोडा वेळ कपाकडे बघत राहिला. मी विचारले, दोन वर्षांनी बाजार बसला आणि त्या फ्लॅटला पंधराच येऊ लागले तर तुझ्या माणसांना तू किती देणार?

"अठ्ठावीसच, सर. शब्द दिलाय ना."

"आणि तुझ्याकडे नसतील तर?"

त्याने उत्तर दिले नाही. जाताना टेबलावरची यादी घडी घालून खिशात ठेवली. त्यातल्या दोन नावांची मुले माझ्याच वर्गात आहेत.