नौका, नावाडी आणि उतराई

हुलसूरहून पश्चिमेचा समुद्र सुमारे ४०० किलोमीटर दूर, आणि पूर्वेचा त्याहूनही लांब. बीदर जिल्ह्यात मांजरा व कारंजा या नद्या आहेत खऱ्या. परंतु गलबत, शीड, डोलकाठी या वस्तू येथील कित्येक पिढ्यांच्या दृष्टीसही पडलेल्या नाहीत. असे असूनही आपल्या भजन-कीर्तनांत आणि मृत्युसमयीच्या सांत्वनात नौकेवाचून पान हलत नाही. भवसागर, पैलतीर, तारू, तारणहार हे शब्द ज्याने समुद्र कधी पाहिला नाही त्याच्याही तोंडी सहज येतात. नित्याच्या व्यवहारात जिचा संबंध नाही अशा वस्तूने मनात एवढे घर कसे केले, हा प्रश्न विचार करण्यासारखा आहे.

प्राचीन वाङ्मयातील नौका प्रथम भेटते ती संकटात. तुग्राचा पुत्र भुज्यू समुद्रात सापडला असता अश्विनीकुमारांनी त्याला शंभर वल्ह्यांच्या नौकेतून तीन अहोरात्र प्रवास करून परत आणले, असे ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात सांगितले आहे. शतपथ ब्राह्मणातील मनूची कथा सर्वश्रुत आहे. प्रलयकाळी त्याने आपली नौका मत्स्याच्या शिंगाला बांधली आणि मत्स्याने ती उत्तरेकडील पर्वतापर्यंत ओढून नेली. महाभारताच्या वनपर्वात त्याच नौकेत सप्तर्षी आणि सर्व प्रकारची बीजे येऊन बसतात व हिमालयाच्या त्या शिखराला ‘नौबंधन’ हे नाव मिळते. येथे एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. मनूच्या नौकेला वल्हे मारणारा कोणी नाही. ती ओढली जाते. देव स्वतःच ओढतो म्हटल्यावर नावाड्याचा प्रश्न उद्भवत नाही, आणि त्याच्या मजुरीचा तर नाहीच.

दुसरी नौका व्यापाऱ्याची. पठारावरील लोकांचा समुद्राशी काहीच संबंध नव्हता असे मात्र समजू नये. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण आणि तगर या दोन नगरांतून माल गाड्यांवर लादून भडोच बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. तगर म्हणजे आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर. तेथून मुख्यत्वे कापड जाई. म्हणजे ज्यांनी जहाज पाहिले नाही त्यांचे कापड जहाजांतून फिरत होते, आणि त्यांचे नफा-नुकसान दूरच्या वाऱ्यावर अवलंबून होते. यज्ञश्री सातकर्णीच्या काही नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज आहे ते उगीच नव्हे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे जहाज रंगविले आहे. औरंगाबादच्या सातव्या लेण्यात अष्टमहाभयांपासून रक्षण करणारा अवलोकितेश्वर कोरलेला असून त्या आठ भयांत जहाज फुटण्याचे भयही आहे. डोंगराच्या पोटात, समुद्रापासून इतक्या अंतरावर, शिल्पकाराला हे भय कोरावेसे वाटले. ज्यांचा पैसा लाटांवर होता अशा वणिजांची वर्दळ त्या मार्गावर होती, हे त्याचे उघड कारण.

या व्यापारी नौकेची आपल्या घरोघरी पोहोचलेली कथा म्हणजे सत्यनारायणाच्या पोथीतील साधुवाण्याची. नावेत काय आहे असे दंडी संन्याशाने विचारता वाणी म्हणतो, पाने आणि वेली. क्षणात धन नाहीसे होऊन नाव हलकी होते आणि आत खरोखरच पाने आढळतात. ही कथा स्कंदपुराणाच्या रेवाखंडातील म्हणून सांगितली जाते. बंगालातील सत्यपीराच्या कथांशी तिचे असलेले जवळचे नाते अभ्यासकांनी दाखविले आहे. आमच्या मते या कथेतील नाव म्हणजे व्यापाऱ्याची खातेवहीच होय. तिच्यात जे लिहावे तेच शेवटी हाती उरते.

परंतु आपल्या संतवाङ्मयात जी नौका शिरली ती ना मनूची, ना साधुवाण्याची. ती आहे उताराची होडी, या काठावरून त्या काठावर नेणारी. ‘तीर्थ’ हा शब्द तरून जाणे या अर्थाच्या धातूपासून आला असून त्याचा मूळ अर्थ नदी ओलांडण्याची जागा असा आहे. महाभारताचे कर्ते व्यास यांची कथाही होडीवरच सुरू होते. त्यांची माता सत्यवती यमुनेवर नाव चालवीत असे आणि पराशर ऋषी तिच्या नावेतील उतारू होते. उताराची होडी आली की तिच्यामागून भाडे येतेच. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात नावेचे दर दिले आहेत: रिकाम्या गाडीस एक पण, माणसाच्या ओझ्यास अर्धा, जनावरास व स्त्रीस पाव, आणि रिकाम्या हाताच्या पुरुषास अष्टमांश पण. गर्भवती, संन्यासी इत्यादींना माफी आहे. नावाड्यांच्या चुकीने माल बुडाल्यास त्यांनी सर्वांनी मिळून भरून द्यावा. दैवी आपत्तीत मात्र दंड नाही. ग्रीक पुराणात मृतांना नदीपार नेणारा खारोनदेखील नाणे घेतल्याशिवाय हलत नाही, आणि आपल्याकडे वैतरणीसाठी गोदान करावे लागते. हिंदीत ‘उतराई’ म्हणजे नावेचे भाडे. मराठीत ‘उतराई होणे’ म्हणजे ऋणातून मोकळे होणे. कीर्तनकार सांगतात की केवटाने रामाकडून उतराई घेतली नाही. दोघांचा धंदा एकच, मग एकमेकांकडून मजुरी कशी घ्यावी!

कधी कधी देवालाच होडीची गरज पडली आहे. सन १५६० च्या सुमारास व पुढील काही वर्षांत पोर्तुगीज अंमलातील देवळे धोक्यात आली, तेव्हा कुशस्थळीचा मंगेश, केळोशीची शांतादुर्गा ही दैवते नदीपलीकडे, पोर्तुगीज सत्तेबाहेर असलेल्या अंत्रुज महालात नेण्यात आली. कुंभारजुवे येथे गणेशोत्सवाच्या सातव्या दिवशी दोन होड्या एकत्र बांधून जो सांगोड निघतो तो अशाच स्थलांतराची आठवण आहे, असे परंपरा मानते. देवांचा इतिहास महाजनांनी जपला. त्या रात्री वल्ही कोणाच्या हाती होती, हे मात्र कोठे लिहून ठेवलेले नाही.

या दृष्टीने हुलसूरपासून जवळच असलेल्या बसवकल्याणचे महत्त्व फार आहे. बाराव्या शतकात बसवेश्वरांभोवती जो शरणसमुदाय जमला त्यात अंबिगर चौडय्या यांची गणना होते. कानडीत अंबिग म्हणजे नावाडी. हावेरी जिल्ह्यातील तुंगभद्रेकाठचे चौडदानपूर त्यांच्या नावाशी जोडले जाते. इतर शरणांच्या वचनांच्या अखेरीस त्यांच्या इष्टदेवाची मुद्रा येते. चौडय्यांच्या वचनांत त्यांचे स्वतःचे नाव येते, तेही धंद्यासकट. नदी पार करविणे आणि भव पार करविणे ही दोन्ही कामे आपलीच, अशा खात्रीने ते बोलतात. कुळाचा अभिमान आणि दांभिक गुरू यांच्यावर त्यांनी जे प्रहार केले आहेत ते आजही वाचणाऱ्यास झोंबतात. नौकेचे रूपक पुष्कळांनी वापरले. पण बहुतेक सर्वांनी उतारूच्या जागेवरून. वल्ह्याच्या बाजूने बोलणारा आपल्या परिसरात हाच एक.

त्यांची नाव कशी असेल? सन १५२० च्या सुमारास विजयनगर पाहिलेला पोर्तुगीज प्रवासी दोमिंगो पायस त्याच तुंगभद्रेवरील नावांचे वर्णन करतो. त्या टोपलीसारख्या गोल, आतून वेताच्या व बाहेरून कातड्याने मढविलेल्या असत. पंधरा-वीस माणसे बसत आणि गरज पडल्यास घोडे व बैलही नेता येत. या नावा सरळ जात नाहीत, सारख्या गरगर फिरत जातात, हे त्याने मुद्दाम लिहिले आहे. कानडीतील हरिगोलु ती हीच. गरगरत्या टोपलीतून माणसांना सुखरूप पलीकडे नेणाऱ्या हातांना संसाराची उपमा कोठून शोधून आणावी लागली नसेल.

कल्याणचा तो समुदाय ११६७-६८ च्या सुमारास पांगला. पुढे सुमारे सव्वाशे वर्षांनी, शके १२१२ मध्ये, प्रवरेकाठी नेवासे येथे ज्ञानदेवांनी गीतेच्या सातव्या अध्यायावर मायानदीचे प्रदीर्घ रूपक रचले. त्या नदीत विद्येच्या व यज्ञाच्या बळावर उडी घेणारे बुडतात. सद्गुरू पुढे असून आत्मनिवेदनाचे तरांडे ज्यांना लाभले तेच पार होतात. येथे नावाडी गुरू झाला आहे आणि भाडे म्हणून स्वतःलाच द्यावयाचे आहे. आद्य शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या पांडुरंगाष्टकाने तर होडीच अनावश्यक ठरविली. विठ्ठलाचे कर कटीवर आहेत ते भवसागराची खोली दाखविण्यासाठी. त्याच्या भक्तांना पाणी कमरेइतकेच आहे.

तरीही पंढरपुरात चंद्रभागेला पाणी चढले की वारकऱ्यांना पुंडलिकाच्या दर्शनासाठी होडीत बसावेच लागते. होडी कोळी समाजाचा माणूस हाकतो. आणि नदीच्या पात्रातील त्या पुंडलिकाच्या मंदिरात पूजेचा मान परंपरेने कोळी समाजाकडेच चालत आला आहे.