डबल मीनिंग विनोद: चावटपणा कुठे संपतो आणि त्रास कुठे सुरू होतो?

फॅमिली ग्रुपवर एखादा विनोद येतो. काही जण हसण्याचे इमोजी टाकतात, काही जण गप्प राहतात आणि एखादी व्यक्ती 'हे काय पाठवलंत?' असं विचारते. त्यावर ठरलेलं उत्तर येतं, 'मी साधंच लिहिलंय, तुमच्याच मनात पाप आहे.'

हे उत्तर अगदीच खोटं नसतं. द्व्यर्थी विनोद चालतो तोच मुळी ऐकणाऱ्याच्या डोक्यात. पण म्हणून बोलणारा मोकळा सुटतो का? हे समजून घ्यायचं तर आधी हा विनोद कसा घडतो ते पाहायला हवं.

द्व्यर्थी म्हणजे नेमकं काय?

एकाच शब्दातून किंवा वाक्यातून दोन अर्थ निघतात. एक चारचौघांत चालणारा आणि दुसरा, बोलीत ज्याला 'कमरेखालचा' म्हणतात तसा. बोलणारा पहिला अर्थ उच्चारतो, दुसरा समोरच्याने लावायचा. एक पॉज, एक नजर किंवा ढोलकीची एक थाप एवढा इशारा पुरतो.

मराठीत या प्रकारासाठी शब्दही भरपूर आहेत. चावट, वात्रट, आंबट, पाचकळ, वाह्यात, अश्लील. हे समानार्थी नाहीत. 'चावट' म्हणताना ओठावर हसू असू शकतं, 'पाचकळ' म्हणताना कपाळावर आठी असते आणि 'अश्लील' म्हटलं की प्रकरण कायद्याकडे सरकतं.

दोन हजार वर्षांची परंपरा

हा प्रकार सिनेमाने आणला असं वाटत असेल, तर 'गाथा सप्तशती' आठवा. सातवाहन राजा हाल याच्या नावाशी जोडला गेलेला हा सुमारे 700 गाथांचा संग्रह महाराष्ट्री प्राकृतात आहे. या भाषेला मराठीची पूर्वज मानलं जातं.

त्यातल्या एका प्रसिद्ध गाथेत घरातली तरुण स्त्री मुक्कामाला आलेल्या वाटसरूला सांगते, की सासू इथे झोपते आणि मी तिथे. रातांधळ्या, रात्री चुकून आमच्या अंथरुणावर पडू नकोस. वरवर पाहिलं तर ही सक्त ताकीद आहे. पण ती कुठे झोपते हे त्याला नेमकं कळलेलं असतं आणि सासूला संशय घ्यायला जागाही उरत नाही.

नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक' या ग्रंथात हीच गाथा उदाहरण म्हणून घेतली. शब्द 'नको' म्हणतात आणि सूचित अर्थ 'ये' म्हणतो, याला त्याने ध्वनी म्हटलं. शब्दाचेच दोन अर्थ होत असतील तर तो श्लेष. म्हणजे आज आपण ज्याला डबल मीनिंग म्हणतो, त्याची चर्चा काव्यशास्त्रात फार पूर्वी झाली आहे.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. या गाथेत बोलणारी स्त्री आहे आणि इच्छाही तिची आहे. द्व्यर्थ हे तिचं हत्यार आहे, कारण उघड बोलायची तिला सोय नाही.

लावणी आणि तमाशा

पेशवाईच्या काळात राम जोशी, होनाजी बाळा, परशराम यांच्यासारख्या शाहिरांनी शृंगारिक लावणी बहराला आणली. ऊस, मळा, पाखरू, चोळी अशा रोजच्या वस्तूंमधून दुसरा अर्थ खेळवणं ही या प्रकाराची ओळख बनली. लावणीत बोलणारी स्त्री असते, पण शब्द बहुतेकदा पुरुषाने लिहिलेले. तमाशातल्या बतावणीत आणि गवळणीतल्या मावशीच्या तोंडीही असेच संवाद येतात. मावशीचं काम पुरुष नट करत असल्याने थट्टेला आणखी धार चढते.

नंतर लावणी सिनेमात आणि रेकॉर्डवर आली. सुलोचना चव्हाण डोक्यावर पदर घेऊन ठसकेबाज लावण्या गायच्या. हावभाव जवळजवळ नाहीत, सगळी नजाकत आवाजात. सूचकतेला अंगप्रदर्शन लागत नाही, हे त्यांच्या गाण्यातून कळतं.

दादा कोंडकेंचं गणित

मराठीत डबल मीनिंग म्हटलं की पहिलं नाव येतं दादा कोंडके (1932-1998) यांचं. वसंत सबनीस यांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्यातून ते गाजले. भालजी पेंढारकरांच्या 'तांबडी माती'तून ते पडद्यावर आले आणि 'सोंगाड्या'ने त्यांना स्टार केलं. 'एकटा जीव सदाशिव', 'पांडू हवालदार', 'राम राम गंगाराम' असे त्यांचे चित्रपट गाजत गेले. थिएटरमध्ये 25 आठवडे चालणाऱ्या चित्रपटाला रौप्यमहोत्सवी म्हणतात. दादांच्या नऊ चित्रपटांनी असा महोत्सव केला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाल्याचं सांगितलं जातं.

त्यांची युक्ती काय होती? लोंबणाऱ्या नाड्याची चड्डी घातलेला, आईला 'आये' म्हणणारा भोळा नायक. तो जे बोलतो त्यातलं वावगं जणू त्याला कळतच नाही. दुसरा अर्थ प्रेक्षकाला कळतो, त्यामुळे 'पाप' प्रेक्षकाच्या खात्यावर जातं. चित्रपटांची नावंही तशीच. 'अंधेरी रात में दिया तेरे हाथ में' या हिंदी चित्रपटाच्या नावात 'दिया' म्हणजे दिवा. पण हिंदीत 'दिया'चा अर्थ 'दिलं' असाही होतो. नाव मंजूर करणाऱ्याने हरकत घ्यायची तर दुसरा अर्थ आपल्याला कळला हे आधी कबूल करावं लागतं. सेन्सॉरशी त्यांचे खटके उडत राहिले, ते याच खेळामुळे.

या चित्रपटांचं ग्रामीण आणि कामगार प्रेक्षकांनी भरभरून स्वागत केलं, तर अनेक समीक्षकांनी नाकं मुरडली. त्या नाकं मुरडण्यात वर्गाचा भाग होता, हे खरं. संस्कृतात तो श्लेष आणि गिरणगावात तो अश्लील, असा दुजाभाव होताच. पण दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. या विनोदात स्त्री अनेकदा बोलणारी न राहता विनोदाचा विषय बनली.

कायदा काय म्हणतो?

चित्रपटांसाठी 1952 चा सिनेमॅटोग्राफ कायदा आहे. त्याखालच्या 1991 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हीन वृत्तींना उघड खतपाणी घालणाऱ्या द्व्यर्थी शब्दांना स्पष्ट मनाई आहे. 'उघड' कशाला म्हणायचं, यावरच वाद होतात.

साहित्यात मराठीशी थेट संबंध असलेला एक खटला आहे. 'रंभा' मासिकाच्या 1962 च्या दिवाळी अंकातल्या चंद्रकांत काकोडकर यांच्या 'शामा' या कथेवर अश्लीलतेचा आरोप झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1969 मध्ये न्यायालयाने कथा अश्लील नसल्याचा निकाल दिला. पुढे 1985 मध्ये बंगाली लेखक समरेश बसू यांच्या खटल्यात न्यायालयाने आणखी एक फरक स्पष्ट केला. ग्राम्य किंवा असभ्य लेखन अश्लील असेलच असं नाही.

थोडक्यात, वाचून कुणी नाक मुरडलं म्हणून गुन्हा होत नाही.

मग ऑफिसच्या ग्रुपवरचा विनोद?

इथे गणित बदलतं. थिएटरमध्ये प्रेक्षक तिकीट काढून जातो आणि नको वाटलं तर उठून जातो. ऑफिसमधल्या सहकारी स्त्रीला तशी सोय नसते. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात नकोशा, लैंगिक रोखाच्या शेरेबाजीचा छळात स्पष्ट समावेश आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 75 नुसारही अशी शेरेबाजी गुन्हा ठरू शकते. 'मला तसं म्हणायचं नव्हतं' एवढं सांगून प्रश्न मिटत नाही, कारण ते वागणं समोरच्या व्यक्तीला नकोसं होतं का, हेही पाहिलं जातं.

म्हणून एखादा द्व्यर्थी विनोद फॉरवर्ड करण्याआधी तीन प्रश्न विचारता येतील. बोलतंय कोण? हसू कुणावर आहे? आणि ज्याला हसायचं नाही, त्याला सहज बाजूला होता येतं का?

गाथेतल्या स्त्रीने दुसरा अर्थ वापरला तो स्वतःसाठी वाट काढायला. तोच दुसरा अर्थ एखाद्या सहकारी स्त्रीला सगळ्यांसमोर कोंडीत पकडायला वापरला, तर शब्द कितीही साधे असोत, त्याला विनोद म्हणता येत नाही.